पहिली वीस अक्षरं

वत्सला कोण, यावरून आमच्या घरात तीन आठवडे धुसफूस चालली होती.

आमचे हे, म्हणजे सुकुमार बिरनाळे, तासगावातले जुने अडते. शेतकऱ्यांचा बेदाणा सौद्यात उभं राहून विकून देतात. जुलैतल्या एका सोमवारी दुपारी आम्ही जेवत होतो आणि त्यांच्या फोनमधला मदतनीस गोड आवाजात म्हणाला, "अण्णा, वत्सलाबाईंच्या वर्षश्राद्धाची तारीख तुम्ही सकाळी विचारली होती. काढून ठेवली आहे." माझ्या हातातला घास तसाच राहिला. आम्ही जैन. आमच्यात श्राद्ध घालत नाहीत. आणि दोन्हीकडच्या गोतावळ्यात वत्सला नावाची एकही बाई नाही.

"कोण ही वत्सला?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी असलं काय विचारलंच न्हाई."

"मदतनिसाकडे नोंद आहे. अकरा वाजून दोन मिनिटं."

"असंल नोंद. मी विचारलं न्हाई."

झालं, तिथून सुरुवात. त्या आठवड्यात मदतनिसाने त्यांना कानाच्या यंत्राचे सेल घ्यायची आठवण केली. ह्यांचे कान ठणठणीत आहेत. मग शाळेच्या जुन्या हजेरीपटाची झेरॉक्स काढायची आठवण केली. दर वेळी हे म्हणायचे, मी बोललो नाही. दर वेळी मी फोन त्यांच्यापुढे धरून नोंद दाखवायचे. नोंद कशी खोटी असेल? आता २०३८ साली कोण स्वतःच्या डोक्यात काही ठेवतं? दूध किती घ्यायचं इथपासून व्याह्यांना काय बोललो इथपर्यंत सगळं मदतनीस लक्षात ठेवतो. घरात भांडण झालं की दोन्ही बाजू आपापल्या मदतनिसाला साक्षीला काढतात.

दुसरा आठवडा संपता संपता ह्यांनी नाही म्हणणं सोडलं. मदतनीस काही बोलला की नुसती मान हलवायचे. मला वाटलं, चला, कबूल झाले एकदाचे! मग एक दिवस चहा पिताना म्हणाले, "मिरजेच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. पंधरा दिवसांनी स्मरणशक्तीची तपासणी करणार हायत. पर मला कळलंय काय ते. गुरुवारी सौद्याआधी बाजार समितीत परवाना परत करतो."

"लगेच परवाना कशाला?"

"अडत्याला इसरून चालतंय व्हय? कुणाचा माल, कुठल्या शेडातला, कुणाला कवा काय शब्द दिला, हे डोक्यात लागतं. एखाद्या गरिबाचा माल दुसऱ्याच्या नावानं विकला तर? तसलं काय व्हायच्या आत बाहेर पडतो."

एकतीस वर्षं हा माणूस प्रत्येक सौद्याला जातो. तापातही जातो. मला त्यांची कीव आली, आणि मी त्यांच्याशी फार गोड वागायला लागले. औषधाची डबी समोर ठेवायचे, एकच गोष्ट हळू आवाजात दोनदा सांगायचे. ते जेवण निम्म्यावर सोडून उठायचे.

बुधवारी मी ऑफिसात होते. मी 'संगम सहकारी मदतनीस संस्थे'त काम करते. तालुक्यातल्या अकरा हजार सभासदांचे मदतनीस आमच्या सर्व्हरवरून चालतात आणि त्या सर्व्हरचा कारभार माझ्याकडे आहे. साडेदहाला शिपाई सांगत आला, "मॅडम, ते सावळजचे सर परत आल्यात."

मी कपाळाला हात लावला. रंगराव गुरव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची ही सातवी तक्रार. पहिल्या सहा आमच्या तक्रारींच्या मदतनिसाने वाचून 'वापरणाऱ्याचा गैरसमज' या खणात टाकल्या होत्या आणि मी त्या उघडूनही पाहिल्या नव्हत्या. म्हणून हे गृहस्थ आता फुलस्केप कागदावर हाताने अर्ज लिहून, त्याच्या तीन प्रती काढून, एसटीने स्वतः आले होते.

"पोच द्या," खुर्चीत बसायच्या आधी ते म्हणाले.

"सर, आधी बसा तरी. तक्रार काय आहे?"

"तक्रार लिहिलेली आहे. शिकलेल्या माणसाने वाचावी. माझा मदतनीस अधूनमधून मला अण्णा म्हणतो. मला कोणीही अण्णा म्हणत नाही. बेदाण्याचे भाव सांगतो. माझ्याकडे द्राक्षाची एक वेलसुद्धा नाही."

"सर, कधी कधी आपणच काहीतरी विचारलेलं असतं आणि मग…"

"मी विचारलं नव्हतं. मी काय विचारतो हे मला ठाऊक असतं."

मी सुस्कारा टाकून अर्ज वाचायला घेतला. अक्षर असं की छापल्यासारखं. चौथा परिच्छेद होता : 'दि. १२ जुलै रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी मी माझी पत्नी कै. वत्सला हिच्या वर्षश्राद्धाची तारीख विचारली असता, "आपल्या समाजात श्राद्धाची प्रथा नाही, तरी तारीख काढून ठेवतो" असे अत्यंत अपमानास्पद उत्तर मिळाले.'

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. मग सरांना म्हटलं, "सर, तुम्ही कानाला यंत्र लावता?"

"हे काय, दिसत नाही?" ते कान पुढे करून म्हणाले. "सेल मिळत नाहीत हल्ली."

मी सरांना तिथेच बसवून ठेवलं आणि नोंदी उघडल्या.

इथे थोडं सांगावं लागेल. मदतनिसाची खरी अक्कल आमच्याकडे नसते. ती दूर कुठल्या तरी मोठ्या कंपन्यांच्या प्रचंड यंत्रांत असते. प्रत्येक सभासदाने त्यांच्याशी वेगळा करार करणं झेपणारं नाही, म्हणून मध्ये आमचा एक सर्व्हर बसतो. त्याला आम्ही 'देवडी' म्हणतो. सभासदाचा फोन देवडीशी येतो, आपली ओळखचिठ्ठी दाखवतो, देवडी ती तपासते आणि आत निरोप देते की अमुक माणूस आलाय, याचं बोलणं ऐका. आतलं यंत्र स्वतः काही तपासत नाही. देवडी सांगेल त्या माणसाची जुनी आठवण उघडतं आणि नवं बोलणं त्यातच लिहून ठेवतं.

ही चिठ्ठी म्हणजे सात-आठशे अक्षरांची एक लांबलचक ओळ असते. ती खरी की खोटी हे दर वेळी मुंबईच्या ओळख केंद्राला विचारावं लागतं. दोन वर्षांपूर्वी सौद्याच्या दिवशी अकराच्या सुमाराला देवडीपुढे इतकी गर्दी व्हायची की उत्तर यायला मिनिट मिनिट लागायचं. अडते आणि व्यापारी आमच्या अध्यक्षांना फोनवर झोडपायचे, आणि अध्यक्ष मला. "अहो, रोजची माणसं हायत ती. सकाळी एकदा बघितलेल्याला सारखं सारखं काय अडवताय?" मी वैतागून एका दुपारी चार ओळी लिहिल्या. एकदा तपासलेला माणूस देवडीने पाच मिनिटं लक्षात ठेवायचा, परत आला तर मुंबईला विचारायचं नाही. आणि अख्खी चिठ्ठी लक्षात ठेवायला जागा फार लागते म्हणून फक्त पहिली वीस अक्षरं लक्षात ठेवायची. तेव्हाच्या चिठ्ठ्या पहिल्या अक्षरापासून वेगवेगळ्या असत. सगळं सुरळीत चाललं. मला शाबासकीही मिळाली.

या जूनमध्ये ओळख केंद्राने नव्या धर्तीच्या चिठ्ठ्या सुरू केल्या, आधी थोड्याच सभासदांना. त्यांच्या सुरुवातीच्या भागात माणसाचं नाव नसतं, चिठ्ठीवर सही कुठल्या पद्धतीची आहे एवढंच असतं. ते सगळ्यांचं सारखंच. जुन्या पत्रांत वर 'स. न. वि. वि.' असायचं ना, तसं. मी देवडीला शिकवलं होतं की तेवढंच वाचायचं आणि पत्र कुणाचं ते ठरवायचं.

म्हणजे एकदा सुकुमार बिरनाळे देवडीतून आत गेले की पुढची पाच मिनिटं नवी चिठ्ठी घेऊन येईल तो सुकुमार बिरनाळे. सौद्याच्या दिवशी हे अकराच्या ठोक्याला मदतनिसाला भाव विचारतात. सर पूजा, पेपर, चहा उरकून अकरा वाजून दोन मिनिटांनी आपल्या मदतनिसाशी बोलायला बसतात. दोघेही घड्याळाचे पक्के. सर बोलायचे आणि ते ह्यांच्या खात्यात लिहिलं जायचं.

दुरुस्तीला मला आठ मिनिटं लागली. मुंबईची तपासणी पूर्ववत केली आणि देवडीचं ते वीस अक्षरांचं पाठांतर काढून टाकलं. मग यादी काढली. नऊ आठवड्यांत चारशे बारा सभासदांच्या आठवणींत दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं शिरलं होतं. अख्ख्या तालुक्यात तक्रार करणारा एकच, आणि तो माझ्यासमोर हाताची घडी घालून बसला होता.

बाकीचे गप्प का, हे मला कळेना. मी दहा-बारा फोन लावले. कवठ्याच्या एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जागरणं फार होतात, मला वाटलं मीच बोलले असेन आणि विसरले." एका बाईंना सुनेने 'सासूबाई भ्रमिष्ट झाल्या' म्हणून देवघराची किल्ली काढून घेतली होती. चौघांनी "वय झालं की हो आता" असं सांगितलं, त्यातला एक चौतीस वर्षांचा होता. यंत्र म्हणतंय तू हे बोललास, मला तर आठवत नाही, म्हणजे माझंच डोकं बिघडलं! एकालाही यंत्राची शंका आली नव्हती. मी फोन ठेवला. लोकांचा राग येत होता, आणि तो राग काढायला मला तोंड नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "तुम्हाला का नाही वाटलं की आपण विसरलो?"

"छत्तीस वर्षं मुलांनी मला हेच सांगितलं," सर म्हणाले. "सर, तुम्ही गृहपाठ दिलाच नव्हता, तुम्ही विसरलात. सवय आहे मला."

मी त्यांना पोच दिली. मग माझ्या घरी काय झालंय ते सांगितलं आणि उद्या सकाळी तासगावच्या आमच्या घरी याल का, असं विचारलं. ते म्हणाले, पावणेआठच्या एसटीने येतो.

अध्यक्ष आवटी साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुरुस्त झालं न्हवं? मग मिटलं."

"लोकांना कळवायला हवं, साहेब. चारशे बारा माणसं आहेत."

"कशाला? कुणी ओरडतंय का? एक मास्तर ओरडत होता, त्याला पोच दिलीत."

"ती माणसं समजतायत की त्यांचं डोकं गेलं. कुणाची किल्ली काढून घेतलीय, कोण डॉक्टरकडे हेलपाटे घालतंय."

"पंधरा दिवसांत इसरतील समदं," असं म्हणून ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "हे बघा बिरनाळे मॅडम, दोन महिन्यांवर संस्थेची निवडणूक आली. संस्थेच्या कागदावर एक अक्षर जाणार न्हाई. गेलं तर तुमचं तुम्ही बघा. आणि त्या चार ओळी लिहिल्या कुणी, तेही मग लोकांना सांगावं लागंल."

मी केबिनमधून बाहेर आले. इतका संताप आला होता की जिना उतरताना मी मोठमोठ्याने बोलत होते, आणि शिपाई घाबरून बाजूला झाला.

घरी आले तर ह्यांनी दुकानातून आणलेला परवाना टेबलावर ठेवला होता आणि फडक्याने त्याची काच पुसत होते. म्हणाले, "परत द्यायचा तर स्वच्छ करून द्यावा."

मी पर्ससुद्धा न ठेवता सगळं सांगून टाकलं. देवडी, चिठ्ठ्या, वीस अक्षरं, गुरव सर, वत्सला. "चूक माझी आहे. त्या ओळी मी लिहिल्यात. तुम्ही काहीही विसरलेला नाही."

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं."

"बरं काय?"

"तू चांगली हाईस, त्रिशला. मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस."

"अहो, खरं सांगतेय! ह्या बघा नोंदी."

त्यांनी माझ्या फोनकडे बघितलं आणि हसले. "ह्या नोंदी तूच ठेवतीस न्हवं?"

मी हात टेकले. नोंदी कशा खोट्या असतील, असं मी तीन आठवडे ज्या माणसाला ऐकवलं, त्याला आता मीच सांगत होते की नोंदी खोट्या होत्या आणि त्या खोट्या होत्या हे नोंदींवरून सिद्ध होतं. मी आवाज चढवला. मग रडले. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आमटी गरम करायला ठेवली. मी गोड वागत होते ना तीन आठवडे, तसेच ते माझ्याशी गोड वागत होते. कसं लागतं ते मला त्या संध्याकाळी कळलं.

सकाळी साडेआठला गुरव सर आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. हे सौद्याला निघायच्या तयारीत होते, परवाना पिशवीत घातलेला. मी ओळख करून दिली.

सर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. "वत्सला माझी पत्नी. गेल्या श्रावणात गेली. तारीख मी विचारली, तुम्ही नाही."

हे माझ्याकडे बघायला लागले.

"त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा," सर म्हणाले. "हजेरीपटाची झेरॉक्स मला हवी होती. शाळेचा इतिहास लिहितोय. सेल माझ्या यंत्राचे. एकदा मी गवती चहा कुंडीत जगत नाही म्हणून विचारलं होतं. ते आलं का तुमच्याकडे?"

ह्यांचा चेहरा बदलला. गवती चहाचं त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. "आलं," ते म्हणाले. "कुंडी बदला म्हणत होता. मी घरभर कुंडी हुडकली."

"आणि तुमचं माझ्याकडे यायचं. गेले आठ-दहा दिवस मदतनीस मला विचारत होता, अण्णा, आज डोकं कसं आहे? मी म्हणायचो, माझं ठीक आहे, तू आपलं बघ."

हे एकदम हसले. खूप दिवसांनी मोठ्याने हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. सर थोडे संकोचले. म्हणाले, "बाकी जे माझ्या कानावर आलं ते मी ऐकलेलं नाही, असं समजा. मला तसंही कमी ऐकू येतं."

मी चहा केला. सर चहा पिऊन, स्टँडपर्यंत सोडू का असं विचारलं तर नको म्हणून, चालत गेले. घरात आम्ही दोघंच उरलो. ह्यांनी पिशवीतून परवाना काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"म्हंजे मी बोललोच नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता बोललात."

"मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. पंधरा दिवस सांगत होतो."

"हो."

"सरांचा कागद आल्यावर तुला पटलं. मला सर आल्यावर पटलं, कारण माझी शंका माझ्यावरच होती. पर तुला माझ्यावर का शंका आली? तू तर त्या मशीनच्या आतली. मशीन चुकतंय हे तुझ्याएवढं कुणाला माहीत? एकदा तरी म्हणायचंस, थांबा, बघते."

ऑफिसात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर मी पन्नासदा तपासते. घरात सत्तावीस वर्षं संसार केलेला नवरा नाही म्हणत होता आणि मी त्याच्यापुढे फोन धरत होते. तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. "चुकले," मी म्हटलं.

ते सौद्याला गेले. परवाना पुन्हा दुकानात टांगला, असं संध्याकाळी कळलं. मी त्या दिवशी रजा टाकली, कोऱ्या कागदांचं बंडल आणलं आणि पत्रं लिहायला बसले. संस्थेचं नाव नाही, शिक्का नाही. खाली माझी सही आणि पत्ता. मदतनिसाकरवी पाठवायची सोय नव्हती, त्याच्यावर आता कोण कशाला विश्वास ठेवेल, आणि ठेवला तर तेही वाईटच. प्रत्येक पत्रात चारच वाक्यं होती. तुमच्या मदतनिसाने तुमच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं लिहिलं. चूक त्याच्या सर्व्हरची होती. तो सर्व्हर मी चालवते आणि चूक मी केली. तुम्ही विसरला नव्हता.

हे घरी आले तेव्हा साठ-सत्तर पत्रं झाली होती. त्यांनी हातपाय धुतले, चष्मा लावला आणि एक पत्र उचलून वाचलं.

"नोकरी जाईल तुझी," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"माझं कुठाय?"

"तुमचं काय?"

"माझं पत्र. यादीत मी हाय का न्हाई?"

"अहो, तुम्हाला तोंडी सांगितलं की सगळं!"

"तोंडी नको," ते म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती. "ह्या घरात तोंडी सांगितलेल्याचं काय होतं ते मी बघितलंय. लिहून दे."

मी नवा कागद घेतला. श्री. सुकुमार भूपाल बिरनाळे यांस, असं वर लिहिलं आणि तीच चार वाक्यं लिहिली. शेवटचं लिहिताना अक्षर वाकडं आलं. सही करून कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला.

"एक राहिलं. 'तुम्ही सांगत होता, आणि मी ऐकलं नाही.' तेबी घाल."

सहीच्या खाली थोडी जागा होती. तिथे मी ते लिहिलं.